तयारी कशाला म्हणायचे? : रॉकमधील ड्रमवादन आणि एक न संपणारा वाद

१९६२ साली लंडनच्या ईएमआय स्टुडिओत एकच गाणे तीन वेळा ध्वनिमुद्रित झाले आणि तिन्ही वेळा ड्रमवर वेगळा माणूस होता. गाणे 'लव्ह मी डू', वाद्यवृंद बीटल्स. ६ जूनला पीट बेस्ट, ४ सप्टेंबरला नुकताच सामील झालेला रिंगो स्टार, आणि ११ सप्टेंबरला अँडी व्हाइट. व्हाइट हा बीटल्सपैकी नव्हता. ठरलेले मानधन घेऊन कुणाच्याही गाण्यावर चोख वाजवून देणारा तो व्यावसायिक होता. त्या दिवशी रिंगोच्या हाती खंजिरी देण्यात आली.

तिन्ही ध्वनिमुद्रणे आज ऐकायला मिळतात. रिंगोचे पहिल्या एकल तबकडीवर आले, व्हाइटचे 'प्लीज प्लीज मी' या पहिल्या अल्बमवर, आणि बेस्टचे १९९५ मध्ये 'अँथॉलॉजी'च्या पहिल्या भागात. ती ओळीने ऐकावीत. बेस्टच्या वादनात मधल्या कडव्याला ठेका बदलतो आणि लय डळमळते. निर्मात्याला ते का रुचले नाही हे लगेच कळते. पण रिंगो आणि व्हाइट यांच्यातला फरक सांगा म्हटले तर चांगल्या कानाचा माणूसही अडखळतो. खात्रीची खूण एकच : खंजिरी वाजत असेल तर ड्रमवर व्हाइट आहे. ज्या कसबासाठी बाहेरचा माणूस बोलावला ते कसब ऐकू येत नाही, आणि ज्याला बाजूला बसवले त्याची खंजिरी तेवढी ओळखू येते.

गेल्या साठ वर्षांत रॉकच्या चाहत्यांमध्ये जो वाद अखंड चालू आहे, त्याची सगळी सामग्री या तीन ध्वनिमुद्रणांत आहे. थोर ड्रमर कोणाला म्हणायचे? ज्याचे हातपाय सर्वांत तयार आहेत त्याला, की ज्याने गाण्याला कुणाला न सुचलेले काही दिले त्याला? पहिल्या पक्षाचे दैवत म्हणजे कॅनडाच्या रश या वाद्यवृंदाचा नील पर्ट. दुसऱ्या पक्षाचे रिंगो. मधल्या पट्ट्यात लेड झेपेलिनचा जॉन बोनहॅम, द हूचा कीथ मून, रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स; यांना दोन्ही पक्ष आपापल्या बाजूला ओढतात. मराठी वाचकाला हे भांडण अनोळखी नाही. ना. सी. फडक्यांचे 'प्रतिभासाधन' १९३१ मध्ये आल्यापासून 'तंत्र' हा शब्द आपल्याकडे कधी प्रशंसेचा, कधी शिवीसारखा वापरला गेला आहे. तबल्याच्या मैफलीतून उठणारे श्रोतेही 'तयारी जबरदस्त आहे, पण...' असे म्हणून त्या 'पण'पुढे बरेच काही मनातच ठेवतात.

माझे म्हणणे असे की, या वादात दोन्ही पक्ष एका गोष्टीवर नकळत सहमत आहेत आणि ती गोष्टच चुकीची आहे. तंत्र म्हणजे जे गाण्याबाहेर काढून मोजता येते ते : वेग, विषम मात्रा, ड्रमची संख्या, सोलोची लांबी. उरलेल्याला कल्पकता म्हणायचे. म्हणजे कल्पकता ही एक शिल्लक ठरते. ज्याला मोजता येण्यासारखे काही जमत नाही त्याला दिलेले उत्तेजनार्थ बक्षीस. 'रिंगोला फारसे येत नव्हते, पण तो कल्पक होता' हे वाक्य त्याच्या बाजूने म्हटले जाते, तरी त्यात त्याच्या वादनाचे वर्णन कुठेच नाही. ड्रमरने नेमके काय रचले हे सांगण्याचा कंटाळा दोन्ही पक्षांना सारखाच आहे.

रिंगोपासूनच सुरुवात करू. त्याच्यावरचा सर्वांत प्रसिद्ध शेरा, की तो बीटल्समधलाही सर्वोत्तम ड्रमर नव्हता, जॉन लेननच्या नावावर खपवला जातो. लेननने तसे म्हटल्याचा पुरावा नाही. बीटल्सचा इतिहासकार मार्क लुइसन याने तो माग काढला तेव्हा विनोद सापडला १९८०च्या दशकाच्या सुरुवातीच्या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमांत, लेननच्या हत्येनंतर. तरीही शेरा टिकला, कारण तो लोकांच्या मनातल्या एका समजुतीला सोयीचा होता : तिघे प्रतिभावंत आणि चौथा नशीबवान.

आता त्याच्या वादनाकडे. रिंगो मुळात डावखुरा. आजीने त्याला उजव्या हाताने लिहायला लावले आणि ड्रमसेटही तो उजव्या हाताच्या वादकाचाच वापरत आला. त्यामुळे झाले असे की, ठेका धरताना अडचण नाही, पण दोन ओळींमधली जागा भरणारा तुकडा, ज्याला ड्रमर 'फिल' म्हणतात, तो वाजवताना त्याचा डावा हात पुढे होतो. स्नेअरवरून उजवीकडच्या टॉमटॉमकडे जाण्याचा जो सरळ रस्ता उजव्या हाताच्या वादकाला सहज मिळतो, तो त्याला बंद. हात एकमेकांत अडकू नयेत म्हणून क्षणभर थांबावे लागते, काही आघात गाळावे लागतात. या अडथळ्यातून त्याच्या फिलना एक विचित्र, किंचित उशिरा पोचणारी चाल आली. अनेक तरबेज ड्रमर ती हुबेहूब उतरवताना चाचपडतात. आघात कठीण नाहीत. त्यांचा क्रम त्यांच्या हाताच्या सवयीविरुद्ध जातो.

पण शरीराच्या या योगायोगावर सगळे सोपवून मोकळे होता येत नाही. 'अ डे इन द लाइफ' (१९६७) ऐका. लेनन जवळजवळ बोलल्यासारखा गातो आहे, आणि बऱ्याच वेळाने टॉमटॉम येतात. कातडे सैल केलेले, आवाज खोल आणि बोदा. ते ठेका देत नाहीत. एका ओळीचा अर्थ संपला आणि दुसरीचा सुरू व्हायचा आहे त्या पोकळीत ते उत्तर दिल्यासारखे पडतात, आणि ओळ सुरू होताच बाजूला होतात. 'रेन' (१९६६) या गाण्यात याच्या उलट : तिथे ड्रम जवळजवळ गाण्याच्या पुढे चालतात. हे आपले सर्वांत चांगले काम, असे रिंगो स्वतः सांगत आला आहे. 'कम टुगेदर'मध्ये (१९६९) ड्रमवर कापड टाकून नाद दाबलेला, आणि हाय-हॅटवरून टॉमटॉमकडे घरंगळणारा तुकडा हीच त्या गाण्याची पहिली ओळख आहे. ही तीन गाणी वाजवायला लागणारे हातांचे कौशल्य साधारण सारखेच आहे. त्यांतले निर्णय मात्र एकमेकांपासून दूर आहेत.

इथे प्रामाणिकपणे एक अडचण नोंदवली पाहिजे. 'तिकिट टू राइड'चा (१९६५) तो अडखळत पुढे जाणारा ठेका कल्पकतेचा दाखला म्हणून नेहमी पुढे केला जातो. पण तो साचा पॉल मॅकार्टनीने सुचवला होता, असे खुद्द लेननच्या बोलण्यातून निघते. म्हणजे 'वाजवणारा तोच रचणारा' हे समीकरणही दर वेळी खरे नाही. ऑगस्ट १९६८ मध्ये रिंगो चिडून काही दिवस निघून गेला, तेव्हा 'बॅक इन द यूएसएसआर' आणि 'डिअर प्रूडन्स'वर ड्रमची बाजू मुख्यतः मॅकार्टनीने सांभाळली. त्यात खोट काढण्यासारखे काही नाही. तो परत आला तेव्हा सोबत्यांनी त्याचा ड्रमसेट फुलांनी सजवून ठेवला होता. उत्तम बदली मिळालेली असतानाही ज्याची वाट पाहिली जाते, त्याच्याकडे काय होते, हा प्रश्न तंत्रवाल्यांनी स्वतःला विचारावा.

तंत्रवाल्यांच्या दैवताला मात्र चाहत्यांनी फार उथळ करून ठेवले आहे. नील पर्ट १९७४ मध्ये रशमध्ये आला. तो वाद्यवृंदाची गीतेही लिहीत असे. त्याच्या चारही बाजूंनी ड्रम आणि झांजा असत, आणि मैफलीत तो सगळा पसारा गोल फिरे. हे पाहून भारावणारे आणि हे पाहूनच नाक मुरडणारे, दोघेही डोळ्यांनी ऐकत असतात.

'वायवायझेड' (१९८१) ही रशची शब्दांविना रचना आहे. टोरांटो विमानतळाचे संकेताक्षर वाय-वाय-झेड. ते मोर्स लिपीत जसे वाजते तोच या रचनेचा आरंभ. वाय म्हणजे रेघ, टिंब, रेघ, रेघ. झेड म्हणजे रेघ, रेघ, टिंब, टिंब. रेघेला दोन घटक आणि टिंबाला एक धरले तर पहिल्या वायचे सात, दुसऱ्याचे सात आणि झेडचे सहा, एकूण वीस. चार घटकांची एक मात्रा धरली की पाच मात्रांचे आवर्तन. ताल मोजणाऱ्या आपल्या श्रोत्याला यात दम लागणार नाही. सात-सात-सहा अशी विभागणी तो बोटांवर सहज धरील. सांगायचे ते वेगळे आहे. इथे विषम मात्रा दाखवण्यासाठी घातलेल्या नाहीत. त्या एका घराच्या पत्त्यातून निघाल्या आहेत. दौऱ्यावरून परतणाऱ्या वादकांना विमानतळाचा तो संकेत म्हणजे घर जवळ आल्याची खूण. तंत्र बाजूला काढून यातली कल्पना दाखवा म्हटले तर हाती काही उरणार नाही.

पर्टची दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. १९९४ च्या सुमाराला, चाळिशी ओलांडल्यावर, जगभरच्या ड्रमरांनी डोक्यावर घेतलेले असताना, तो फ्रेडी ग्रूबर या वयोवृद्ध शिक्षकाकडे शिकायला बसला. बडी रिच या जॅझ ड्रमरच्या सन्मानार्थ काढलेल्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी एका सहकाऱ्याच्या वादनात झालेला बदल त्याने पाहिला होता, आणि तो बदल ग्रूबरमुळे होता. पर्टने काड्या धरण्याची पद्धत बदलली. ग्रूबरचा भर आघातावर नव्हताच. दोन आघातांच्या मधे काडी हवेत कशी फिरते, हात कुठून येतो आणि कुठे जातो, यावर होता. ज्याच्या अचूकतेची शपथ घेतली जाई, त्या माणसाला आपले वादन ताठ वाटू लागले होते. त्यानंतरच्या 'टेस्ट फॉर इको' (१९९६) या अल्बममध्ये फरक कळतो का? माझ्या कानाला थोडासाच. पण त्याला कसली उणीव भासली हे महत्त्वाचे. मोजता येणारे सगळे त्याच्याकडे होते आणि तरी जे नव्हते, त्यालाही तो तंत्रच म्हणत होता. शिकून येणारी गोष्ट. कल्पकता आभाळातून पडते असे त्याने मानले असते तर तो शिकवणीला गेला नसता.

बडी रिचचे नाव आलेच आहे, तर एक गंमत. वेगाच्या बाबतीत ज्याला अखेरचा शब्द मानतात तो हा वादक कुठल्या शाळेत शिकला नव्हता. चालता येऊ लागले तेव्हापासून तो नाट्यगृहांच्या रंगमंचावर वाजवत होता. म्हणजे 'शिकलेले विरुद्ध उपजत' अशी वाटणीही इथे लागू पडत नाही.

आता फिल कॉलिन्स. जेनेसिस या वाद्यवृंदात त्याने १९७०च्या दशकात सात आणि नऊ मात्रांच्या लांबलचक रचना लीलया वाजवल्या. तंत्राच्या कुठल्याही कसोटीवर तो पहिल्या रांगेतला. पण जगाला तो आठवतो 'इन द एअर टुनाइट' (१९८१) मधल्या एका फिलमुळे. साडेतीन मिनिटांहून अधिक काळ एक यंत्र ठेका टिकटिकवते, ड्रम येतच नाहीत, आणि मग जेमतेम दहा आघातांचा तुकडा कोसळतो. तो शिकाऊ मुलगाही वाजवू शकतो. त्या आघातांचा तो एकाएकी तुटणारा, भिंतीवर आपटल्यासारखा नाद आधी सापडला होता पीटर गेब्रिएलच्या १९८०च्या अल्बमच्या वेळी. ध्वनिमुद्रक ह्यू पॅजम, स्टुडिओतली एक तांत्रिक सोय, आणि 'झांजा वाजवायच्या नाहीत' ही गेब्रिएलची अट, यांच्या संगमातून तो आला. झांजा नसल्याने त्या नादाला मोकळी जागा मिळाली. पुढच्याच वर्षी किंग क्रिमझनमध्ये रॉबर्ट फ्रिपने बिल ब्रुफर्डवर जवळजवळ हीच बंदी घातली. हात बांधले की माणूस कान वापरतो, एवढे अनुमान काढायला हरकत नसावी.

बोनहॅमच्या बाबतीत चाहते उजव्या पायाविषयी बोलतात. 'गुड टाइम्स बॅड टाइम्स' (१९६९) मध्ये एकाच पायपट्टीवर त्याने बास ड्रमचे जे जलद तिहेरी आघात काढले, ते ऐकून अनेकांना तो दोन ड्रम वाजवतो असे वाटले. ठीक आहे. पण 'कश्मीर'मध्ये (१९७५) त्याने काय केले ते पाहा. गिटारची फिरत तीन-तीन मात्रांची आहे. ड्रम मात्र चारात, सरळ, जड, हलायला तयार नसल्यासारखे. दोघांची गाठ बारा मात्रांनी पडते, मग पुन्हा फारकत. आपल्याकडचा लयकारी करणारा वादक इथे तिनाचे चार आणि चाराचे तीन करून टाळ्या घेईल. बोनहॅम काहीच करत नाही, आणि तो काही करत नाही म्हणूनच गिटार चक्राकार फिरल्यासारखी वाटते. त्यानेही तिनात वाजवले असते तर गाण्यातला तो अवजड, वाळवंटातून चालल्यासारखा भार गेला असता. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' (१९७१) साठी त्याचा ड्रमसेट इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या इमारतीत जिन्याखालच्या दालनात मांडला आणि मायक्रोफोन वर जिन्यात टांगले. तिथे ती वास्तूही वाद्य झाली आहे.

बोनहॅमच्या वाट्याच्या रचनेचे मोल तपासायला एक चांगली जोडी उपलब्ध आहे आणि तिचा दुसरा भाग मुंबईत घडला. 'फोर स्टिक्स' (१९७१) हे गाणे पाच आणि सहाच्या गटांत हेलकावते; बोनहॅमने प्रत्येक हातात दोन काड्या घेऊन ते वाजवले, म्हणून हे नाव. १९७२ मध्ये जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले असताना त्यांनी स्थानिक वादकांना घेऊन हे गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित केले. ते अधिकृतपणे प्रसिद्ध झाले २०१५ मध्ये, 'फोर हँड्स' या नावाने. सूर तेच, मात्रांचे गटही तेच. पण बोनहॅम नाही, त्याच्या जागी भारतीय तालवाद्ये आहेत. मूळ गाण्यात पाचाचा गट दरवेळी पाय घसरल्यासारखा वाटतो. इथे तो निवांत बसतो. एक गाणे धमकी देते, दुसरे डुलते. ड्रमची बाजू ही गाण्यावर चढवलेली सजावट असती तर ती काढल्याने गाण्याचा स्वभाव एवढा बदलला नसता.

मुंबईचा विषय निघाला की त्रिलोक गुर्टू यांचे नाव घेणे भाग आहे, जरी ते रॉकपेक्षा जॅझच्या अंगणात अधिक वावरले. ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे हे चिरंजीव तबल्यावर वाढले आणि पुढे जमिनीवर बसून वाजवता येईल असा पाश्चात्त्य ड्रमसेट त्यांनी स्वतःपुरता घडवला. तरुणपणी पाश्चात्त्य तबकड्या ऐकून शिकताना, एकाच वादकाचे वेगवेगळे थर नंतर एकावर एक चढवता येतात हे त्यांना माहीत नव्हते. ऐकू येते ते सगळे एकाच माणसाने एकाच वेळी वाजवले आहे, असे समजून ते सगळे वाजवायला शिकले. हे त्यांनीच मुलाखतीत सांगितले आहे. आता या तयारीला तंत्र म्हणावे की कल्पना? गैरसमजातून आलेली कल्पना तंत्र होऊन हातात बसली.

चार्ली वॉट्सकडे मोजण्यासारखे जवळजवळ काही नव्हते, आणि असावे अशी त्याची इच्छाही दिसत नाही. जॅझचा वेडा, छोटा ड्रमसेट, सोलोची नावड. त्याची एक लकब मात्र जाणकारांनी अचूक टिपली आहे. सर्वसाधारण रॉक ठेक्यात उजवा हात हाय-हॅटवर प्रत्येक आवर्तनात आठ आघात करतो आणि डावा हात दुसऱ्या व चौथ्या मात्रेला स्नेअरवर पडतो. वॉट्स त्या दोन क्षणी उजवा हात उचलून घेई. आठाचे सहा झाले. स्नेअर एकटी, उघडी पडते. आणि तेवढ्या उसंतीत लय किंचित मागे रेलते. स्टोन्सच्या गाण्यांचा तो बेफिकीर झोक पुष्कळ अंशी या दोन गाळलेल्या आघातांत आहे. मात्र वॉट्सभक्तांनी हेही विसरू नये की 'यू कान्ट ऑल्वेज गेट व्हॉट यू वॉन्ट'चा ठेका त्याला जमेना, तेव्हा निर्माता जिमी मिलर स्वतः ड्रमवर बसला आणि तबकडीवर तोच वाजतो आहे. 'भावना महत्त्वाची, तंत्र नव्हे' या वाक्याला हे एक छोटेसे उत्तर आहे. ज्याच्या भावनेचे गोडवे गायले जातात त्यालाही एखाद्या विशिष्ट ठेक्याची विशिष्ट रग हातात नसू शकते.

तंत्रहीनतेचा ठपका कोणावर लवकर बसतो हेही पाहण्यासारखे आहे. व्हेल्व्हेट अंडरग्राउंडची मो टकर उभी राहून वाजवी, बास ड्रम आडवा करून, गोंड्याच्या काड्यांनी, झांजा शक्य तितक्या टाळून. नायजेरियाचा बाबाटुंडे ओलाटुंजी हा तिचा आदर्श. ही पूर्ण विचारांती केलेली निवड होती, तरी 'तिला तेवढेच येत होते' असे म्हणणारे आजही भेटतात. व्हाइट स्ट्राइप्सच्या मेग व्हाइटवर तर २०२३ मध्ये, म्हणजे ते दोघे विभक्त होऊन बारा वर्षे झाल्यावर, पुन्हा एकदा जाहीर शेरेबाजी झाली आणि अनेक नामवंत ड्रमर तिच्या बाजूने उभे राहिले. 'सेव्हन नेशन आर्मी'च्या (२००३) सुरुवातीला ती नुसती धडधड देते. तिच्या जागी कुणी विद्वत्ता दाखवली असती तर ती धून मैदानामैदानांतून ओरडली गेली असती का, याची मला शंका आहे. रिंगोच्या साधेपणाला निदान वादाचा मान मिळतो. या दोघींच्या साधेपणाला आधी परीक्षा द्यावी लागते.

या सगळ्यावर आतला माणूस काय म्हणतो? येस आणि किंग क्रिमझनमधला बिल ब्रुफर्ड २००९ मध्ये वादनातून निवृत्त झाला आणि सरे विद्यापीठातून ड्रमरच्या सर्जनशीलतेवर पीएच.डी. करून बसला. तरबेज ड्रमरांच्या मुलाखती हा त्याच्या प्रबंधाचा पाया. २०१८ मध्ये त्यावर त्याचे 'अनचार्टेड' हे पुस्तक आले. त्याने एक पट्टी आखली आहे. एका टोकाला कार्यापुरते वादन : दुसऱ्याच्या रचनेला जे लागते ते देणे. दुसऱ्या टोकाला रचनात्मक वादन : ड्रमर स्वतः रचनेचा भाग ठरवतो. कोणताही ड्रमर एका टोकाला कायमचा बसलेला नसतो. एकाच गाण्यात तो पुढेमागे सरकतो. मला या मांडणीत एकच गोष्ट खटकते. कार्यापुरत्या वादनातही केवढी निवड असते, हे या पट्टीवर पुरेसे दिसत नाही. वॉट्सने दोन आघात गाळले तेव्हा तो कुठल्या टोकाला होता?

ही चर्चा चाहत्यांपुरती राहिली असती तर एवढा कागद खर्च करण्याचे कारण नव्हते. पण ड्रमरने काय रचले हे सांगता न येण्याची किंमत पैशांत मोजली गेली आहे. गाण्याचे स्वामित्व व्यवहारात शब्द आणि चाल यांवर ठरत आले. २००९ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 'अ व्हायटर शेड ऑफ पेल'च्या ऑर्गनवादकाला, मॅथ्यू फिशरला, चाळीसहून अधिक वर्षांनी त्या गाण्याच्या स्वामित्वातला वाटा मान्य केला. ऑर्गनची ती धून गुणगुणता येते, म्हणून तिचे रचना असणे कोर्टापुढे मांडता आले. ठेका गुणगुणून दाखवणे अवघड. आर.ई.एम.सारख्या वाद्यवृंदांनी प्रत्येक गाण्याखाली ड्रमरसह चौघांची नावे घालून हा प्रश्न आपसात मिटवला. असे करणारे थोडे.

सर्वांत कडू उदाहरणे रॉकच्या शेजारच्या घरातली आहेत, सोल आणि फंकमधली. विन्स्टन्स या वाद्यवृंदाच्या 'अमेन, ब्रदर' (१९६९) मध्ये ग्रेगरी कोलमनने सुमारे सहा सेकंद एकट्याने ड्रम वाजवले. पुढे यंत्रांवर तेवढाच तुकडा कापून, फिरवून, वेग वाढवून ब्रिटनमध्ये जंगल आणि ड्रम अँड बेस हे अख्खे संगीतप्रकार उभे राहिले. कोलमन २००६ मध्ये वारला, बेघर अवस्थेत असे सांगतात. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून चोवीस हजार पौंड जमवले. ते वाद्यवृंदाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला मिळाले. कोलमनला द्यायला उशीर झाला होता.

दुसरा क्लाइड स्टबलफील्ड. २० नोव्हेंबर १९६९ रोजी जेम्स ब्राउनच्या वाद्यवृंदाने 'फंकी ड्रमर' ध्वनिमुद्रित केले. गाण्याच्या उत्तरार्धात ब्राउन बाकीच्यांना थांबवतो आणि ड्रमरला बजावतो की सोलो वगैरे काही नको, चालले आहे तेच चालू दे. मग सुमारे वीस सेकंद नुसता ठेका : हाय-हॅटवर एकसारखी सळसळ, स्नेअरवर मुख्य आघातांच्या मधे इतके हलके स्पर्श की ते ऐकू येण्यापेक्षा जाणवतात, आणि बास ड्रम अनेकदा अनपेक्षित जागी. दाखवेगिरीचा लवलेश नाही, आणि हाताची तयारी मात्र अशी की ते हलके स्पर्श त्या समतोलाने टाकणे भल्याभल्यांना साधत नाही. ब्राउनला हे कळले होते, म्हणूनच त्याने सोलो मागितला नाही. हिपहॉपच्या निर्मात्यांनी तो तुकडा शेकडो गाण्यांत वापरला. रॉक आणि पॉपमध्येही तो पोचला. स्टबलफील्डला त्यातून स्वामित्वधन जवळजवळ मिळालेच नाही.

तो विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात राहिला आणि तिथल्या छोट्या जागांत वाजवत राहिला. त्याला कर्करोग झाला तेव्हा उपचारांच्या बिलांपैकी मोठी रक्कम प्रिन्सने, आपले नाव कळू न देता, भरली. ज्या प्रिन्सने १९८०च्या दशकात ड्रमरऐवजी यंत्र वापरून आपली सर्वांत गाजलेली गाणी केली त्यानेच. फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टबलफील्ड वारला आणि मे महिन्यात तिथल्या विद्यापीठाने त्याला मरणोत्तर मानद डॉक्टरेट दिली. 'फंकी ड्रमर'चा रचनाकार म्हणून नाव मात्र एकच लागते : जेम्स ब्राउन.